निळी फुली

"अहवालात फवारणीच्या औषधाचा अंश जास्त आलाय. हा माल युरोपला जाणार नाही," म्हणत निरीक्षक डबीरांनी द्राक्षांच्या प्रत्येक पेटीवर निळ्या मार्करने फुली मारली. हंगामाच्या सुरुवातीला हातापाया पडणारा व्यापारी हल्ली नुसती मान डोलवायचा. चला, शेवटी आपला धाक बसला म्हणायचा, असं डबीरांना वाटलं.

संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा नात मांडी ठोकून द्राक्षं खात बसली होती. शेजारच्या पेटीवर निळी फुली होती.

त्यांनी तिच्या हातातला घड हिसकावून घेतला. "कुठून आणलीस ही?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मंडईतून. अहो, फुली बघूनच घेते मी दर आठवड्याला. निळ्या फुलीचा माल म्हणजे खास परदेशी जाणारा. नुसती झुंबड उडते त्यावर."