चार वर्षांचं जावळ

"आधी विचारायचं, मग सांगायचं," डॉक्टर शिवकांतानं दोघी विद्यार्थिनींना तिसऱ्यांदा बजावलं, आणि समोर बसलेल्या सारजाबाईला काही एक न विचारता सांगायला सुरुवात केली.

निजामाच्या मुलखात बाईमाणसानं डॉक्टर होणं हीच मुळात नवलाई. त्यात हैदराबादहून दोन मुली आठवडाभर लोहाऱ्याच्या दवाखान्यात शिकायला आलेल्या. शिवकांताला हुरूप चढला. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर का हवं, तेलात भिजवलेला कापसाचा बोळा कसा वापरायचा, नवऱ्यापाशी हा विषय शांतपणे, मोकळेपणानं कसा काढायचा, सगळं तिनं घडाघडा सांगितलं. मुलींच्या पेन्सिली थांबेनात.

'मोकळेपणानं' म्हणताना तिची जीभ जराशी अडखळली. तिचं स्वतःचं बाळ दहा महिन्यांचं. कापूस कपाटात होता, तेलाची बाटलीही होती. पण तिनं विषय काढला की नवरा, वीरप्पा, वर्तमानपत्र उघडायचा, आणि तिलाही नेमकं चुलीवरचं दूध आठवायचं. गेल्या महिन्यात आठ दिवस उशीर झाला, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर तिनं दिवसातून दहादा पाहिलं होतं. दुसरं एवढ्यात आलं, तर दवाखान्यातली ही खुर्ची गेलीच.

सारजाबाई आली होती पोराचा वाहता कान दाखवायला. पोर चार वर्षांचं, दोन वेण्या घातलेलं.

"मुलगी गोड आहे हो," शिवकांता म्हणाली.

"पोरगा हाय, बाई. जावळ ऱ्हायलंय."

"चार वर्षं?" एका विद्यार्थिनीनं विचारलं. शिकवलेलं तिनं तरी ऐकलं होतं.

"सोनारीच्या भैरोबाला बोललंय. तिथं जाऊन जावळ काढस्तवर मालकानं गोठ्यात निजायचं." सारजाबाईनं पोराची वेणी सारखी केली. "मागल्या साली बैल लंगडला. यंदा निघावं म्हनलं, तर सुगी. देवाचं काम, घाई करून भागतंय व्हय? थोरलीचं पाचव्या वर्साला काढलं."

"आणि मालक तुमचं ऐकतात?" आता शिवकांतानंही विचारलं.

"माजं कशाला ऐकत्याल? देवाचं ऐकत्यात."

पेन्सिली थांबल्या. "बाई, हे लिहून घ्यायचं?" एकीनं हळूच विचारलं.

"छे. याला काही शास्त्र नाही," असं म्हणून शिवकांता पोराच्या कानाकडं वळली. कान तिनं नको तितका वेळ पुसला.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा सासूबाई सिद्धम्मा नातवाला मांडीवर घेऊन त्याचे केस विंचरत होत्या. पलीकडं वीरप्पा वर्तमानपत्रात होता.

"सोमवारी न्हाव्याला बोलीवलंय," सिद्धम्मा म्हणाल्या. "घरीच जावळ उरकून टाकू. तुजा कुठं देवाधर्मावर इस्वास हाय."

शिवकांतानं बाळाला उचलून घेतलं. त्याच्या बोटभर केसांवरून हात फिरवला.

"सोमवारी नको, आत्याबाई," ती अगदी शांतपणे, मोकळेपणानं म्हणाली. "मी सोनारीच्या भैरोबाला बोललेय. जावळ निघेपर्यंत यांचं अंथरूण ओसरीवर."