रोजचे पाच दिवे

लाल छत्री काही केल्या सापडेना. मुकुंदराव कॉम्प्युटरला नाक लावून बसले होते. चित्रात अडगळीची खोली, तिच्यात शंभर वस्तूंचा पसारा, खाली यादी: कात्री, घुबड, पतंग, लाल छत्री. घड्याळ उलटं पळत होतं. अखेर छत्री चित्रातल्या खिडकीच्या पडद्याच्या चुणीतच निघाली.

बायको, पुष्पा, असती तर "काखेत कळसा" म्हणून हसली असती. पण तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या या फ्लॅटमध्ये ती तासन्‌तास असलेच खेळ खेळायची. कधी हरवलेल्या वस्तू शोधायच्या, कधी चहाच्या दुकानात गिऱ्हाईक रागवायच्या आत कप पोचवायचा. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेल्या मुकुंदरावांना हा निव्वळ पोरकटपणा वाटे. "साठी बुद्धी नाठी," ते टोमणा मारत. ती ऐकून घेई आणि खेळत राही.

तेराव्यानंतर तो कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून त्यांनी सुरू केला, तर पडद्यावर अक्षरं आली: 'सुयशने तुम्हाला पाच दिवे पाठवले आहेत.' खेळात प्रत्येक डावाला एक दिवा लागे. संपले की दुसऱ्या खेळाडूने पाठवायचे. दिव्यांखाली एक ओळही होती: 'आई, बऱ्या आहात ना?'

मुकुंदरावांनी ती ओळ पुन्हा वाचली.

सुयश त्यांचा एकुलता एक. नऊ वर्षांपूर्वी त्याने टोरांटोत नेहाशी लग्न केलं. नेहाचं आधी एक लग्न होऊन मोडलेलं. मुकुंदरावांनी त्याला घराची पायरी चढायला बंदी केली, आणि पुष्पाला शपथ घातली, "त्याच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील." बिचारीने शपथ अक्षरशः पाळली. एकदाही बोलली नाही. पण खेळायचं नाही असं कुठे म्हटलं होतं?

त्यांनी दिव्यांखालचे मागचे सगळे निरोप वाचून काढले. सुरुवातीची वर्षं सुयश पानंच्या पानं लिही. थट्टा, भांडणं, नेहाने जाळलेल्या पुरणपोळ्या. पुढे पुढे ओळी आटल्या, दिवे मात्र चुकले नाहीत. नोकरी, संसार, माणूस तरी किती लिहिणार? मुकुंदरावांनी समजून घेतलं.

आणि त्याच दिवशी त्यांनी पुष्पाच्या नावाने उत्तर दिलं: 'बरी आहे.'

मुलाला आई गेल्याचं कळवलं नव्हतं हे खरंच. आधी अहंकार आडवा आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. पण दिवे पाहिल्यावर अहंकार गेला आणि भीती आली. त्याला बांधून ठेवणारा धागा होता आईचा. आई नाही म्हटल्यावर तो या बापाला कशाला दिवे पाठवील? म्हणून ते रोज सकाळी पुष्पा होऊन बसत. एकदा 'जेवलो' लिहून बसले होते. पाठवायच्या आत लक्षात आलं म्हणून बरं.

गेल्या महिन्यात धीर करून त्यांनी विचारलं होतं, 'बाबांवर राग आहे का रे अजून?' दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं: 'राग केव्हाच गेला होता. सांगायचं राहून गेलं.' म्हातारा त्या दिवशी दार लावून ओक्साबोक्शी रडला.

आज दुपारी बागबाजारहून दत्तात्रय आला. दोघे शाळेपासूनचे मित्र. संदेश मिठाईचा डबा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "वर्षश्राद्धाचं गुरुजींशी बोललोय. सुयश येतोय ना?"

"रजा मिळत नाही त्याला."

"अग्नी द्यायला नाही, दहाव्याला नाही, आता हेही नाही? मुकुंदा, राग मानू नकोस, पण असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा! महाराष्ट्र मंडळात सगळे हेच म्हणतात."

"दत्ता!"

"खोटं आहे का?"

नीमतल्याच्या स्मशानघाटावर पोराच्या वाट्याचा अग्नी आपण चोरला, आणि वर त्याच्या नावाने लोकांना थुंकू दिलं. अकरा महिने.

"त्याला माहीतच नाही," ते म्हणाले. "मी कळवलंच नाही."

दत्तात्रय उठला. चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "मग आज कळव. आजच्या आज."

दार लागल्यावर मुकुंदराव खुर्चीत बसले. सकाळचे पाच दिवे तसेच होते. त्यांनी लिहिलं:

'सुयश, मी बाबा. तुझी आई गेल्या वर्षी गेली. झोपेतच हृदय बंद पडलं. मी तुला कळवलं नाही, आणि तेव्हापासून तिच्या नावाने मीच खेळतोय. तू दिवे पाठवायचं बंद करशील, एवढीच भीती होती. बाळा, मी चुकलो. तुझा, तिचा आणि नेहाचाही अपराधी आहे. जमलं तर श्राद्धाला ये, दोघेही या. घर तुमचंच आहे.'

पाठवलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. शिव्या देईल, देऊ दे. निदान बोलेल तरी.

तिकडे आत्ता कुठे उजाडत असेल. तरी तासाभरात उत्तर आलं. मुकुंदरावांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं:

'बाबा, मी नेहा. दिवे मीच पाठवते. आईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं वचन त्याने हॉस्पिटलमध्ये माझ्याकडून घेतलं होतं. सुयशला जाऊन दोन वर्षं झाली.'