डाळिंबाच्या रंगाचं पाणी

"हात सैल सोडा, काका."

"सैल तर सगळंच झालंय, पोरी," शिंपीकाका म्हणाले. "या सगळ्यांच्या विजारी कमरेत आवळता आवळता माझे डोळे गेले."

बाकावरचे म्हातारे खो-खो हसले. तिने रक्त घ्यायला सुई टोचली.

"जेवण नेहमीसारखंच ना?"

"अगदी नेहमीसारखं!" सगळे एका सुरात म्हणाले.

सगळ्यांनाच मधुमेह, आणि सगळे तिच्या बाबांचे मित्र. प्रयोगाला माणसं मिळेनात, तेव्हा बाबांनीच बागेतल्या कट्ट्यावरून त्यांना उठवून आणलं होतं. आई याच आजारात गेली. साखर आटोक्यात होती, पण रक्तातल्या चरबीने घात केला. त्या चरबीवर डाळिंबाचा अर्क चालतो का, हे तिला शोधायचं होतं.

निम्म्यांना अर्क मिळे. उरलेल्यांना तशाच बाटलीत डाळिंबाच्या रंगाचं, चवीचं पाणी. कोणाला काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तिलाही नाही. अर्कवाल्यांची चरबी उतरली आणि पाणीवाल्यांची होती तशीच राहिली, तरच अर्क खरा. त्यासाठी जेवणात कोणीही काही बदलायचं नाही, हेही तिने त्यांना नीट समजावलं होतं. "कळलं, कळलं," म्हणत त्यांनी माना डोलावल्या होत्या.

प्रयोग अर्ध्यावर असताना बाबा गेले.

ती रडली, आणि पुन्हा कामाला लागली. हळूहळू चरबीचे आकडे उतरू लागले. शेवटच्या तपासणीचे आकडे पाहून ती प्रयोगशाळेत एकटीच पुटपुटली, "बाबा, चालला हो अर्क."

मग तिच्या मार्गदर्शक सरांनी कोणाच्या बाटलीत काय होतं, ते उघड केलं.

"दोन्ही गटांची चरबी सारखीच उतरली आहे," ते म्हणाले. "पाणीवाल्यांची कणभर जास्तच. या आकड्यांवर अर्काचा गुण सिद्ध होत नाही. काम इथेच थांबवावं लागेल."

संध्याकाळी ती कट्ट्यावर गेली. कसं सांगावं, ते सुचत नव्हतं.

"काय गं, उतरली का आमची चरबी?" शिंपीकाकांनी विचारलं.

"उतरली, काका. सगळ्यांची."

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारली. शिंपीकाका मात्र डोळे पुसत होते.

"आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "तुझ्या बाबांनी जाण्याआधी आमच्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाला, बाटलीत काहीही असो, माझ्या पोरीचा प्रयोग पडता कामा नये. त्या दिवसापासून आम्ही तळलेलं सोडलं, लोणी सोडलं, गोड सोडलं. एकानेही शब्द मोडला नाही बघ."