निळा मणी

बल्गेरियात मार्च लागला, की करकोचे परत येईपर्यंत जो-तो मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतो. एकोणिसाव्या वर्षी, कोट शिवायच्या कारखान्यात, नेव्हेनानं आपला दोरा, आजीच्या निळ्या मण्यासकट, जर्मनीला निघालेल्या कोटाच्या अस्तरात गुपचूप शिवून टाकला होता. शेजारच्या मशीनवरची दोन्का फिसकन हसली होती. "अगं बये, दोऱ्याला व्हिसा लागत नाही. सुटला बिचारा!"

पुढं व्हिसाची अट उठली, पण तोवर नेव्हेनाच्या पदरात लेक होती. कारखाना तोच राहिला, मशीनही तेच.

आज चोवीस वर्षांनी तिनं बाजारातल्या ढिगातून, परदेशातून किलोवर आलेल्या जुन्या कपड्यांतून, लेकीसाठी एक कोट आणला. बाही लांबवायला अस्तर उसवलं, तर आतून विटलेला दोरा निघाला आणि त्याला तोच निळा मणी.

तेवढ्यात लेक रालित्सा, कारखान्यातला पहिला दिवस उरकून, नाचतच घरात शिरली.

"आई, रागावू नकोस हं! माझा दोरा मी आज एका कोटात शिवून टाकला. मी नाही तर नाही, तो तरी जाईल लांब!"



"जाईल गं बाळा, आणि तिकडंच राहील," नेव्हेना म्हणाली, आणि तिनं मण्यावरची मूठ घट्ट मिटून घेतली.