खंडेनवमीचा हार

सर्व्हर मशीनच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तोच निरोप: पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे. हॉस्पिटलच्या रक्तपेढीची नवी वेबसाइट काही केल्या सुरू होईना. मयूराने वैतागून शोधलं, तर कुठलासा जुना जावा प्रोग्रॅम सहा वर्षं ती जागा अडवून बसलेला. तिने तो सरळ बंद केला. वेबसाइट लगेच उघडली.

तासाभरात वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला. "रक्तदात्यांना मेसेज गेले नाहीत का हो? चार वर्षांची पोर आहे, ओ निगेटिव्ह लागतंय."

ते मेसेज तो जुना प्रोग्रॅमच पाठवायचा! तिने तो पुन्हा सुरू करायला घेतला, पण डिस्कवर त्याची फाइलच नव्हती. कधीतरी कोणीतरी पुसलेली. इतकी वर्षं तो चालू मशीनच्या नुसत्या मेमरीत तग धरून होता, दात्यांची यादीही त्याच्यातच; बंद करताच दोन्ही गेलं.

मशीनवरचा वाळका हार तिने सरकवला. खाली चिठ्ठी होती: 'बंद करू नये.' ती लिहिणारे, तिच्याआधी हे मशीन सांभाळणारे काळसेकर सर गेल्या वर्षीच वारले.

शिपाई चिंधूमामा दारात उभे होते. खंडेनवमीला ते या मशीनची पूजा करत, तेव्हा ती हसायची.

"ताई, नारळ आणू का?"

"लवकर आणा, मामा."