बंदूक कोणाच्या खांद्यावर

दर रविवारी साहेब आमच्या अख्ख्या विभागाला पालगोंगचा डोंगर चढायला न्यायचे. चार वर्षांत एक रविवार घरी मिळाला नव्हता. शेवटी आम्ही सातही जणांनी ‘हे बंद करा’ असा अर्ज लिहिला. जुन्या शेतकरी बंडाच्या काळात आमच्या पणजोबांनी केलं होतं तसंच केलं. कागदावर वाडगा पालथा घातला आणि त्याच्या कडेने गोलात नावं लिहिली, म्हणजे पहिलं नाव कोणाचं ते कळायलाच नको.

पण कागद आत न्यायचा कोणी? नकोसं काम अंगावर घेतलं की कोरियात म्हणतात, बंदूक खांद्यावर घेतली. सगळे टेबलाकडे बघत बसले.

“सोकग्यू, तू सैन्यात मशीनगन वाहायचास ना?” ह्योनबाई म्हणाल्या. “मग हा तर नुसता कागद आहे. जा.”

गेलो. साहेबांनी कागद गोल फिरवत दोनदा वाचला, चष्मा काढला. मला वाटलं, संपली नोकरी.

“बरोबर आहे तुमचं. या रविवारपासून कोणी यायचं नाही.”

मी कमरेत वाकून आभार मानले आणि दाराकडे वळलो.

“सोकग्यू.” साहेबांनी उठून माझा हात धरला. “चार वर्षांत माझ्यासमोर येऊन सांगणारा तू एकटाच निघालास. आता आपण दोघंच जात जाऊ. पहाटे साडेपाचला ये, दोघांपुरत्या किंबापचा डबा माझी बायको देईल.”

बाहेर आलो, तर सहाही जण टाळ्या वाजवत उभे होते.