हरणांसाठी प्रवचन

कागद संपले तेव्हा निम्मी झाडं उघडीच होती, आणि आभाळ बर्फाने भरून आलं होतं. लेम्पी गाडीकडे गेली आणि सकाळीच मागे चढवून ठेवलेलं खोकं घेऊन आली.

"अगं, ती माझी प्रवचनं आहेत!" विल्हो ओरडला.

"मग? कागदच ना?"

विल्हो तिथल्या चर्चचा निवृत्त पाळक. अमेरिकेत, मिनेसोटाच्या त्या टोकाच्या गावात जन्मभर दर रविवारी बोलला, आणि बोललेलं सगळं जपून ठेवलं. इकडे दोघा नवरा-बायकोने लावलेले पांढरे पाइन काही केल्या गुडघ्याच्या वर सरकत नव्हते. बर्फ पडला की हरणं येत आणि नेमका शेंडाच खुडून नेत. शेंड्याला कागद गुंडाळून पिन मारली तर झाड उंच जातं, नाही तर त्याचं झुडूप होतं.

"घरून जुनी वर्तमानपत्रं आणतो," तो म्हणाला.

"ती तू शेगडीत घातलीस. आणि बर्फ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

तिने एक पान कोंबाभोवती गुंडाळलं आणि खटकन पिन मारली. विल्होने दुसरं पान उचललं आणि वाचतच बसला.

"वाचू नकोस, गुंडाळ!"

"हे ईस्टरचं आहे गं. काय रंगलं होतं!"

"मी तिथेच होते. गुंडाळ."

त्याने गुंडाळलं, पण वरचं तोंडही मिटवून टाकलं.

"वर उघडं ठेव रे बाबा. वसंतात कोंब तिथूनच बाहेर येणार." त्याने पिन काढली.

शेवटचं झाड उरकून दोघं गाडीत बसली, तोच बर्फ भुरभुरू लागला. रानातून एक हरणी आली ती थेट पहिल्या झाडाशी. तिने मान खाली घातली. विल्होने लेम्पीचं मनगट घट्ट धरलं.

हरणीने कागद हुंगला, फुरफुरली आणि पाठ फिरवून चालती झाली.

"पहिल्या ओळीलाच उठून गेली की," लेम्पी हसू दाबत म्हणाली.

"चर्चमधून असं कुणी उठलं की मला रात्रभर झोप लागायची नाही." विल्होने खुशीत गाडी चालू केली. "पुढच्या वर्षी आणखी रोपं लाव. माळ्यावर अजून चार खोकी आहेत."